गोधडीच्या कोपऱ्यातला घास

३ नोव्हेंबर, सोमवार. मिरज

सत्काराच्या पाहुण्यांची तारीख पुन्हा पुढं गेली. आधी दिवाळीच्या आत होती, मग दिवाळी झाल्या झाल्या, आता ‘याच महिन्यात नक्की’. आमच्या संचालक सरांनी नक्की म्हटलं की मला धडकी भरते. दसऱ्याला शिवून झालेल्या गोधड्या स्टोअरमध्ये प्लास्टिकात बांधून पडल्यात आणि मी रोज फोनवर शिवणाऱ्या गटाच्या सुरेखाला सांगते, होईल गं, होईल. तिचा आता माझ्या ‘होईल’वर विश्वास उरला नसणार. माझाही नाही.

विद्यापीठातल्या आमच्या केंद्राच्या दारावर आज नवी पाटी लागली. ‘आर्थिक स्वावलंबन व सामाजिक उद्योजकता केंद्र’. खाली बारीक अक्षरात समन्वयक म्हणून माझं नाव. पाटी पितळेची आणि मी अकरा महिन्यांची. करार या महिन्याअखेर संपतो. अकरा महिने, मग खंड, मग सरांच्या मेहेरबानीनं परत अकरा महिने. गावोगाव जाऊन बायकांना सांगते, कुणाच्या तोंडाकडं बघू नका, स्वतःच्या पायावर उभ्या राहा. आणि नोव्हेंबर लागला की स्वतः सरांच्या तोंडाकडं बघते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाटीवर खरं तर हे लिहायला हवं.

खाली गल्लीत तंबोऱ्याच्या तारा जुळवणं चालू. दिवसभर तेच. जुळली की तो तंबोरा जातो आणि न जुळलेला दुसरा येतो. खोली बदलायची म्हणून तीन वर्षं म्हणते आहे.

५ नोव्हें., बुध.

पलूसकडं वाडीला गेले. साखर कारखाने सुरू झाले, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एसटी त्यांच्यामागं रांगत. समाजमंदिराला कुलूप. बायका सगळ्या द्राक्षबागांत कामाला. दुपार कलल्यावर एकेक आली, हात पाल्यानं हिरवे झालेले. हात धुऊन मगच सुईला शिवायचं, हा सुरेखाचा नियम. नवरा फौजेत आहे, तिकडं सीमेवर, पण वाटतं फौजेत हीच आहे. गट तीच चालवते. फोनवर गोधड्यांचे फोटो टाकते, परक्या माणसांशी न घाबरता बोलते. तिला कंपनी काढायची आहे. ‘गट म्हणलं की लोक पापड म्हणत्यात,’ असं तिचं म्हणणं.

सगळं या पहिल्या कामावर आहे. सत्काराला शालीऐवजी गोधडी द्यायची ही कल्पना माझी. कार्यक्रम नीट झाला तर वर्षभराच्या सगळ्या सत्कारांचं काम वाडीला, मग विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचं. तसं झालं तर या बायकांना बारमाही काम, बागेतल्या फवारणीत उभं राहायला नको. हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता मला ते वचन वाटायला लागलंय.

हौसाक्कांसाठी माझ्या दोन जुन्या ओढण्या आठवणीनं नेल्या. गेल्या खेपेला मागितल्या होत्या. कशाला म्हटलं, तर ‘ठिगळाला’. वाडीतल्या सगळ्यांनी टाका त्यांच्याकडून उचललेला, त्यामुळं त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही. मीही नाही.

परत येताना एसटीत आमचं माहितीपत्रक चाळलं. ‘प्रत्येक गोधडी आधी जेवते, मग तुम्हाला ऊब देते.’ माझं वाक्य. सर ते प्रत्येक भाषणात म्हणतात, माझं नाव न घेता. वाडीत गोधडी पुरी होताना शेवटचा कोपरा उघडा ठेवतात, त्यात भाकरीचा तुकडा नि गुळाचा खडा घालतात आणि वरून ठिगळ लावून शिवून टाकतात. त्याला घास म्हणतात. गोधडीचं पोट भरलेलं असलं की पांघरणाऱ्याला उपाशी झोपावं लागत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं. मग व्हिडिओसाठी हौसाक्कांना तो घास चारदा घालायला लावला. घालायचा, उसवायचा, पुन्हा घालायचा, कारण उजेड नीट नव्हता. चौथ्या वेळी म्हणाल्या, ‘देवाला निवद दावून चार डाव ताट वडून घेतल्यागत झालं की गं.’ मी हसले होते.

९ नोव्हें., रवि. रहिमतपूर

घरी. अब्बांचा गुडघा जास्तच. पिंजण यंत्र निम्मा दिवस बंद. फोमच्या गाद्यांच्या शोरूमनी गिऱ्हाईक नेलं, राहिलं ते लग्नातल्या रुखवताच्या गादीपुरतं. दुकानाचा पुढचा भाग, रस्त्याकडचा, शटर अर्धं ओढून ठेवलेला. भाऊ पुण्याला कंपनीत, तो काही येत नाही.

जेवताना अब्बा म्हणाले, ‘लोकां को धंदा सिकाती, अन् बाप का धंदा?’ चिडून नाही, सहज. अम्मीनं विषय बदलला. ती लग्नावर आली, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मी म्हटलं, करार पक्का झाला की बघू. करार पक्का झाला की लग्न, करार पक्का झाला की खोली. सगळं आयुष्य त्या खुंटीला टांगलंय. संध्याकाळच्या गाडीनं निघाले. राहायचं ठरवून आले होते.

१२ नोव्हें., बुध.

तारीख मिळाली. २२ ला, सांगलीत, मोठ्या सभागृहात. दिल्लीहून एक बाई येणार, मोठ्या अधिकारी. सरांचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. सुरेखाला लगेच कळवलं. ती म्हणाली, ‘आता म्हणा होईल.’

मग स्टोअरची किल्ली घेऊन गेले. एक गठ्ठा बाहेर काढला, प्लास्टिक सोडलं आणि हाताला भोक लागलं. एका गोधडीला असेल म्हणून दुसरी काढली. तिलाही. तिसरीलाही. प्रत्येकीचा एकच कोपरा कुरतडलेला, बाकी गोधडी जशीच्या तशी. स्टोअरचे मामा म्हणाले, ‘उंदरास्नी कोपराच कसा घावला म्हनायचा?’

मला कळलं होतं. मी गठ्ठ्यावर बसले. भाकरी आणि गूळ.

घरात गोधडी रोज झटकली जाते, उन्हात पडते, अंगाखाली येते. घासाचा दोन दिवसांत भुगा होतो. इथं महिना उलटून गेला, बंद खोली, प्लास्टिक, आणि प्रत्येक गोधडीच्या पोटात जेवण. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांच्या नाही, कारण त्यांनी गोधडी कधी बांधून ठेवलेली नाही. माझ्याही नाही. आणि मी पिंजाऱ्याची मुलगी! अब्बा कापसाच्या खोलीत चहाचा कपसुद्धा आणू देत नाहीत.

दोन-तीन तेवढ्या वाचल्या. सुरेखाला अजून सांगितलेलं नाही. तिनं तेवढ्यात चार फोटो पाठवले, बायका हसतायत.

१३ नोव्हें., गुरु.

सरांना सांगितलं. आधी हसले. ‘मॅडम, डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो हाच का?’ मग गोधडी हातात घेतली आणि हसणं थांबलं. ओरडले नाहीत. ओरडत नाहीत ते कधीच, तेच अवघड आहे. शेंगदाणे खात शांतपणे म्हणाले, दुरुस्त करून घ्या, हातात दिवस आहेत. आणि पुढच्या मालात खाण्याची वस्तू नको. घास प्रतीकात्मक ठेवू. रिकामं ठिगळ लावलं की झालं, दिसायला तेच.

मी म्हटलं, पत्रकात तर आपण...

‘पत्रक तसंच राहू द्या. ते फार छान झालंय.’

वर अहवालात ‘गटाकडून साठवणुकीबाबत अनवधान’ असं लिहा म्हणाले. स्टोअर आपलं, किल्ली आपली, तारखा पुढं ढकलल्या आपण. तोंडापर्यंत आलं होतं. पण दोन वर्षं माझ्या करारासाठी हाच माणूस वर भांडलाय, हेही खरं. अहवाल लिहिला नाही. उद्या देते म्हणाले.

१५ नोव्हें., शनि.

वाडी. गोधड्यांचं बोचकं रिक्षातून नेलं. समाजमंदिरात पसरलं. एकजण म्हणाली, आमच्या घरात न्हाई असं कवा झालं. मी म्हटलं, घरात उंदरांना दुसरं खायला असतं. कुणी हसलं नाही. बरोबरच आहे.

सुरेखा लगेच हिशेबाला लागली. कुणी किती कोपरे लावायचे, बागेतनं कुणी सुट्टी घ्यायची. मग मी सरांचं सांगितलं. ठिगळ लावायचं पण आत काही घालायचं नाही. सुरेखा म्हणाली, चालतंय की. हौसाक्कांनी सुई खाली ठेवली.

‘रिकामा घास कुनाला भरवायचा?’

सुरेखानं समजावलं. आवं आक्का, शहरातली मानसं, त्यांना काय कळतंय आत काय हाय ते. त्यावर हौसाक्का म्हणाल्या, त्यांना कळत न्हाई म्हणून आपन फसवायचं का. आणि मग माझ्याकडं बघून, आवाज न चढवता: ‘उपाशी कापड मढ्यावर घालत्यात पोरी. पाव्हन्याच्या अंगावर न्हाई.’

दोघींची जुंपली. सुरेखा म्हणाली, तुमच्या घासापायी पोरींच्या तोंडचा घास जाईल. फार कडक बोलली. तिला बोलून झाल्यावर तेच वाटलं असावं, उठून बाहेर गेली. मी दोघींवर चिडले, मनातल्या मनात. एकीवर ऐकत नाही म्हणून, दुसरीवर इतकं पटकन ऐकलं म्हणून. मला नेमकं काय हवंय?

काही न ठरता परत. बोचकं तिथंच.

१६ नोव्हें., रवि.

रहिमतपूरला गेले नाही. अंगात कणकण असल्याचं अम्मीला सांगितलं. कणकण नाही. खोलीत फेऱ्या मारल्या. चादरी धुतल्या, धुतलेल्याच होत्या. खाली तार जुळत नव्हती, रविवारीसुद्धा.

१८ नोव्हें., मंगळ.

सकाळी केंद्रात गेले तर दारात, त्या पितळी पाटीखाली, सुरेखा आणि हौसाक्का बोचकं घेऊन बसलेल्या. पहिल्या गाडीनं आल्या. आपसांत बोलत नव्हत्या, पण एकाच डब्यातलं खात होत्या.

कोपरे सगळे दुरुस्त. आधीपेक्षा सुबक, खरं सांगायचं तर. बाकीच्यांनी दोन दिवस बाग सोडून केलंय. पण प्रत्येक गोधडीचं शेवटचं त्रिकोणी ठिगळ दोनच बाजूंनी शिवलेलं. तिसरी बाजू उघडी, खिशासारखी. सुई-दोरा तिथंच टोचून ठेवलेला.

मी विचारलं, हे काय. सुरेखा म्हणाली, मला इचारू नगा, त्यांना इचारा.

हौसाक्का म्हणाल्या, तुमी म्हणता घालू नगा, न्हाई घातला. पण रिकामा शिवायचा न्हाई मी. ज्याच्या घरात जाईल त्यानं घालावा, नाहीतर न घालावा. ‘मी उपाशी शिवली असं कुनी म्हनायला नगं. मी शिवलीच न्हाई.’

हे शहाणपण नव्हतं. हट्ट होता, शुद्ध हट्ट. अर्धवट काम कुणी सत्काराला देतं का? मी खूप बोलले. त्यांना बारमाही काम, कंपनी, सगळं परत ऐकवलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ‘तुजं बी बरोबर हाय. माजं बी.’ आणि पाणी मागितलं.

सरांना ‘दुरुस्ती झाली’ एवढंच कळवलं. कोपरे आतल्या बाजूला घडी घालून ठेवलेत. सुई-दोरे काढून कागदाच्या पुड्यांत बांधून प्रत्येकीच्या घडीत ठेवले. स्टेजवर कुणाला टोचायला नको. बाकी जे होईल ते.

२२ नोव्हें., शनि. सांगली

लिहायला हवंच.

सभागृह भरलेलं. वाडीच्या बायका मागच्या रांगांत, नवी लुगडी-साड्या. सरांचं भाषण, त्यात माझं वाक्य. मग सत्कार. सरांनी दिल्लीच्या बाईंच्या खांद्यावर गोधडी घातली, फोटो झाले. बाई मूळच्या विदर्भातल्या निघाल्या, मराठी चांगलं. त्यांनी गोधडी चाचपली, घडी उलटली. बोट सरळ त्या उघड्या कोपऱ्यात गेलं. उंदरांसारखंच. माइक समोरच होता.

‘हे शिवायचं राहिलं का?’

सर चटकन म्हणाले, हो, हा एक नमुना आहे, गडबडीत... आणि मागून आवाज आला. ओरडणं नव्हतं, पण सभागृहात पोचला.

‘ऱ्हायलं न्हाई. ठेवलंय.’

सगळ्यांच्या माना वळल्या. हौसाक्का उभ्या होत्या. उभं राहिल्यावर पुढं काय बोलायचं हे त्यांना सुचेना, असं मला इतक्या लांबून दिसलं. पदर सारखा नीट करत होत्या. सरांनी माझ्याकडं पाहिलं. खाली बस, किंवा हिला बसव, असं काहीतरी त्या नजरेत. मी स्टेजच्या पायरीवर होते. वर गेले आणि माइक घेतला.

काय बोलले ते नीट आठवत नाही. घासाचं सांगितलं. उंदरांचं सांगितलं, तेव्हा लोक हसले. किल्ली आमच्याकडं होती हेही सांगितलं. आणि म्हटलं, रिकामा घास शिवायला या तयार नाहीत, म्हणून कोपरा उघडा आहे. सुई-दोरा घडीत ठेवलाय. तुमच्या घरातली भाकरी घाला आणि शिवा.

बाईंनी पुडी सोडली, सुई बघितली, परत नीट बांधून पर्समध्ये ठेवली. हसल्या. टाळ्या झाल्या. सरही हसत टाळ्या वाजवत होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. बाहेर चहाला सुरेखानं हौसाक्कांना आपल्या हातानं कप दिला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, बसस्टँडपर्यंत.

२४ नोव्हें., सोम.

सरांनी बोलावलं. रागावलेले नव्हतेच. ‘तुम्ही वेळ मारून नेलीत, मॅडम.’ शेंगदाणे पुढं केले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वर्षभराचं काम मंजूर झालंय. बाईंना कल्पना फार आवडली. पण माल एकसारखा पाहिजे, वेळेत पाहिजे. एका कारखान्यात मशीनवर तशीच गोधडी होते, धावदोऱ्याचा टाका कापडावर छापलेला, हातानं शिवल्यासारखी दिसते. कोपऱ्यात त्रिकोण छापायचा, प्रतीकात्मक घास. सोबत कार्ड. कार्डावर आपली गोष्ट. गोष्ट केंद्राच्या खर्चानं छापली, म्हणजे केंद्राची. वाडीच्या बायकांना वर्षातून एक प्रशिक्षण देऊ म्हणाले, त्यांचा फोटो कार्डावर घेऊ.

मी म्हटलं, सर, त्यांचं काम... ते म्हणाले, मॅडम, आपण त्यांना स्वावलंबी करायचं, कायम आपल्यावर अवलंबून नाही ठेवायचं. खरंच असं म्हणाले. यात चूक कुठं आहे ते मला तिथल्या तिथं सांगता आलं नाही. आता सुचतायत उत्तरं, एकाला चार.

मग म्हणाले, तुमच्यासाठी वर बोललोय. या वेळी दोन वर्षांचा करार. मध्ये खंड नाही. पुढं कायमचं बघू. कार्डाचा मजकूर तुम्हीच लिहा, तुमच्या हाताला गोडी आहे. पुढच्या सोमवारी सकाळी होकार कळवा.

तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते बशीतल्या शेंगदाण्यांसारखं पुढं आलं. मी ‘थँक्यू सर’ म्हटलं. तोंडातून निघालंच.

२६ नोव्हें., बुध.

वाडीला जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची हिंमत होती, पण बरं दिसलं नसतं.

सुरेखानं सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाली, ‘म्हंजी घास आमचा, गोष्ट आमची, फोटू आमचा. आन गोधडी मशीनची.’ रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. बाकीच्या एकमेकींना विचारत होत्या, उद्या बागेत कुणाच्या टोळीत जायचं. एवढ्यात विषय बदलला त्यांचा. सवय असणार.

मग हौसाक्का म्हणाल्या,

‘उंदरानं निस्ता कोपराच खाल्ला हुता.’

मी तोंड धुवायचं निमित्त करून नळावर गेले. भांडी पडली होती ती उगाच विसळली. लाज वाटली, साधी सरळ लाज. वाक्य माझं होतं. त्या गोष्टीला कागदावर आणलं मी, म्हणून तर ती उचलता आली.

नळावर सुरेखा आली. तिचा निर्णय झालेला. कंपनी काढायची, केंद्र असो-नसो. कार्यक्रमाच्या दिवसापासून तिच्या फोनवर लोक विचारतायत, उघड्या कोपऱ्याची गोधडी कुठं मिळेल. ‘आमी उडी मारतोय. तुमी येताय का संगं?’ मी विचारलं, म्हणजे कशी. म्हणाली, आमच्यातली एक म्हणून. पगार न्हाई देता यायचा. विकलं तर सगळ्यांना, न्हाई विकलं तर कुनालाच न्हाई. बोलायला, लिहायला, बाहेर जायला मानूस पायजे, आन रस्त्यावर एक दुकान पायजे.

रस्त्यावरच्या दुकानाचं तिला मीच कधीतरी सांगितलं असणार. अर्ध्या शटरचं.

मी म्हटलं, विचार करते. तिनं मान डोलावली. बायकांना शिबिरात आम्ही शिकवतो ना, समोरचा ‘विचार करतो’ म्हणाला की गिऱ्हाईक गेलं समजा. तिनं चांगलं शिकून घेतलंय.

निघताना हौसाक्कांनी एक गठडी हातात दिली. घरी जाऊन सोड म्हणाल्या.

२८ नोव्हें., शुक्र.

कार्डाचा मजकूर लिहायला बसले. सवयीनं. एक ओळ लिहिली, चांगली जमली. फाडली.

मग कारण नसताना हिशेब. खोलीचं भाडं, अब्बांची औषधं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सर वाईट नाहीत. सुरेखाचं उद्या फसलं तर? बागेची टोळी तिला परत घेईल. मला कोण घेईल?

अब्बांना फोन केला आणि तब्येत विचारून ठेवला.

३० नोव्हें., रवि. रहिमतपूर

करार आज संपला. सरांना उद्या सकाळी कळवायचं.

अब्बांना दुपारी सगळं सांगितलं. वाटलं होतं, आनंदानं उडी मारतील, पोरगी दुकानात येते म्हणून. ते म्हणाले, दुकान तुझंच आहे, शटर उद्या वर करतो. पण माझ्या गुडघ्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस. तिकडून पळून येणार असशील तरी नको. आणि पिंजण चालू करायला गेले, रविवार असून. आवाजात पुढचं काही बोलता येऊ नये म्हणून असावं.

संध्याकाळी गठडी सोडली. गोधडी. एका बाजूला माझ्या दोन ओढण्या, हिरवी आणि ती कॉलेजातली डाळिंबी, मधेमधे वाडीतल्या कुणाकुणाच्या साड्या. सुरेखाची ती पिवळी मी ओळखली. शेवटचा कोपरा उघडा, सुई-दोरा टोचलेला. ठिगळाला म्हणाल्या होत्या. म्हणजे सगळ्याच्या आधी, उंदरांच्याही आधी, त्यांनी ही माझ्यासाठी शिवायला धरली होती.

अम्मीनं हात फिरवून पाहिलं. कोपऱ्याचं सांगितलं तर तिला त्यात नवल वाटलं नाही. चुलीवरच्या गरम भाकरीचा तुकडा मोडला, गुळाचा खडा ठेवला आणि बशी माझ्यापुढं केली. घाल म्हणाली.

मी सुई हातात घेतली. दोरा ओवलेलाच होता. घास आत ठेवून शिवायला किती वेळ लागतो? पण तो शिवायचा कुठं, ते ठरल्याशिवाय कसा शिवणार? मिरजेच्या खोलीत, की इथं, त्या शटरच्या आत? अम्मीला हे सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

बशी तशीच राहिली. जेवणं झाली. जाता जाता अम्मीनं घासावर वाटी पालथी घातली, उंदीर येतात म्हणून. भाकरी उद्यापर्यंत राहते म्हणाली, परवा नाही राहत.